पॉइंट किती झाले?

सोलापूरपासून विजापूर शंभरेक किलोमीटर. पंढरपूर-अक्कलकोट करून आलेल्या किंवा बदामी-हंपीकडे निघालेल्या महाराष्ट्रातल्या गाड्या तिथे वाटेत थांबतात. थांबतात त्या अर्धा दिवस, फार तर एक. तेवढ्या वेळात काय पाहायचं हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं: गोलघुमट, इब्राहिम रोजा, मुलुखमैदान तोफ, जुम्मा मशीद, आणि जेवणाआधी वेळ राहिलाच तर बारा कमान. सहलीच्या भाषेत हे ‘पॉइंट’. संध्याकाळी गाडीत बसताना हिशेब होतो तो एवढाच, की पॉइंट किती झाले.

यामागचा विचार वरवर बिनतोड आहे. वेळ थोडा, तेव्हा मुख्य तेवढं पाहून घ्यावं, दुय्यम राहिलं तरी चालेल. माझं म्हणणं असं की, वेळ थोडा असतानाच हा नियम सर्वांत कुचकामी ठरतो. जुन्या शहरातली वास्तू तिच्या आधीच्या, शेजारच्या आणि नंतरच्या वास्तूंच्या संगतीत कळते. म्हणून निवड करायची ती सुट्या वास्तूंची नव्हे, अशा एखाद्या संगतीची. ती हाती लागते आपण शहराला विचारलेल्या प्रश्नातून. एका दिवसाला एक प्रश्न घ्यावा, त्याचं उत्तर देऊ शकतील अशा तीन-चार जागा निवडाव्यात, त्या योग्य क्रमाने पाहाव्यात आणि उरलेलं, कितीही नावाजलेलं असलं तरी, बेलाशक सोडावं. विजापुराच्याच उदाहरणाने हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. ‘मुख्य’ कोणी ठरवलं?

यादीतली ठिकाणं यादीत कशी आली, हे आपण विचारत नाही. काही आकारामुळे आली. काही जाण्यायेण्याच्या सोयीमुळे आली: गोलघुमट रेल्वे स्टेशनापासून जवळ आहे, म्हणून बहुतेकांचं विजापूर तिथून सुरू होतं. काही इतिहासातल्या अपघाताने वाचली म्हणून आली.

मुलुखमैदान तोफच घ्या, जिच्या नावाने मराठीत अजून वक्त्यांना गौरवतात. ही मूळची विजापूरची नव्हे. निजामशाहीत, अहमदनगरला, १५४९ साली ती ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून विजापूरला आली. वजन सुमारे ५५ टन. १८५४ साली ती लिलावात दीडशे रुपयांना गेली होती. वरच्या अधिकाऱ्याने लिलाव रद्द केला म्हणून जागेवर राहिली. विजापूर तेव्हा नुकतंच सातारच्या खालसा झालेल्या संस्थानाबरोबर इंग्रजांकडे आलेलं होतं. तो व्यवहार पुरा झाला असता तर तोफ वितळली असती आणि आजच्या यादीत एक पॉइंट कमी असता.

इंग्रजांनी १८८५ मध्ये जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून इथे हलवलं, तेव्हा सरकारी कचेऱ्यांसाठी आयत्या इमारती म्हणून आदिलशाही वास्तूंकडे पाहिलं गेलं. एका मशिदीत टपालकचेरी होती, दुसरीत प्रवाशांचा डाकबंगला. विसाव्या शतकाच्या तोंडावर लॉर्ड कर्झनने हा संसार तिथून हलवायला लावला. म्हणजे आज आपण ज्याला ‘पाहण्यासारखं’ म्हणतो, ते कोणी तरी, कधी तरी, कसल्या तरी सोयीने वेगळं काढून कुंपणात घातलेलं आहे. ते चूक केलं असं नाही. त्या निवडीचे हिशेब मात्र आपल्या एका दिवसाच्या हिशेबाशी जुळतीलच, असं मानायला काही आधार नाही.

२. जे टिकलं ते महत्त्वाचं होतं का?

विजापुरात ठळकपणे उरल्या आहेत त्या कबरी आणि मशिदी. याचं कारण साधं आहे. त्या भक्कम दगडाच्या, त्यांना धर्माचं संरक्षण, आणि कबर पाडून तिथे घर बांधायला सहसा कोणी धजत नाही. राजवाड्यांतलं लाकूड मात्र लोकांनी काढून नेलं. आर्किल्ल्यातला, म्हणजे शहराच्या आतल्या बालेकिल्ल्यातला, गगनमहाल १५६१ चा. त्याची अवाढव्य मधली कमान उभी आहे, छप्पर आणि मजले गेले आहेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १५९९ मध्ये शहराच्या पश्चिमेला, तोरवीकडे, नौरसपूर नावाची नवी राजधानी वसवायला घेतली होती. त्या काळच्या माणसाला ‘विजापुरात मुख्य काय चाललंय’ असं विचारलं असतं तर त्याने बोट तिकडे दाखवलं असतं. १६२४ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने ती उद्ध्वस्त केली. आज तिकडे रिक्षा वळत नाही.

तेव्हा ‘मुख्य’ हा शब्द इथे दोन अर्थांनी फसवतो. त्या काळात जे मुख्य होतं ते बरंचसं नाही, आणि आज जे मुख्य आहे ते बरंचसं टिकाऊपणामुळे आहे. टिकाऊपणा हा गुण आहे खरा, पण त्यावरून शहर कळत नाही.

याच ठिकाणी हल्लीचा एक उलटा सल्लाही पाहून घेऊ. यादी फेकून द्या, गल्लीबोळात हिंडा, टपरीवर चहा घ्या, शहर आपोआप उलगडेल, असं अलीकडे बरेच जण सांगतात. यात यादीवाल्यांपेक्षा थोडा ताठा जास्त आहे, शहाणपण तेवढंच. चार तास हिंडणारा माणूस रस्त्याच्या रुंदीला आणि उन्हाला धरून चालतो. पाय नेतील तिथे म्हणजे बहुधा बाजारपेठेत पोचतो. तिथलं आजचं जगणं कळायला तिथे महिनाभर राहावं लागतं, आणि तीनशे वर्षांपूर्वीचं कळायला बाजारपेठेचा उपयोग नाही. तासभर असा मोकळा ठेवावा. अख्खा दिवस त्याच्या हवाली करू नये.

३. कशाला प्रश्न म्हणावं

‘आदिलशाहीचं वैभव कसं होतं?’ हा प्रश्न नव्हे, कारण त्याचं उत्तर कुठल्याही घुमटाखाली ‘केवढं हो!’ एवढंच येतं. आपल्या कामाच्या प्रश्नाला तीन अटी लावतो.

पहिली, त्याचं उत्तर उरलेल्या दगडमातीत, निदान अंशतः, दिसलं पाहिजे. विजापूरच्या शेतकऱ्याचा १६४० मधला दिवस कसा जायचा, हा उत्तम प्रश्न आहे, पण तो ग्रंथालयात विचारायचा. दुसरी, प्रश्न इतका अरुंद हवा की त्याने बऱ्याच जागा आपसूक गळाव्यात. न गाळणारा प्रश्न म्हणजे नाव बदललेली यादीच. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा हीच मोडली जाते: शहर आपल्याला ‘नाही’ म्हणू शकेल अशी सोय त्या प्रश्नात असली पाहिजे. उत्तर आधीच खिशात घेऊन गेलो तर तो पुरावे गोळा करण्याचा दौरा होतो.

आता असे दोन प्रश्न प्रत्यक्ष चालवून पाहू.

४. पहिला प्रश्न: बापाची कबर, लेकाची, नातवाची

दुसरा इब्राहिम (१५८०–१६२७), त्याचा मुलगा मुहम्मद (१६२७–५६) आणि नातू अली दुसरा (१६५६–७२). तिघांच्या कबरी: इब्राहिम रोजा, गोलघुमट, बारा कमान. प्रश्न असा, की लागोपाठच्या तीन पिढ्यांत बांधण्याची रीत इतकी का बदलली? पहिली नाजूक, दुसरी अवाढव्य, तिसरी अर्धवट.

पर्यटक स्टेशनाजवळून सुरुवात करतो म्हणून मधली आधी पाहतो. मग इब्राहिम रोजाकडे गेला की म्हणतो, ‘छान आहे, पण लहान आहे.’ हा अभिप्राय केवळ क्रमाने तयार केलेला आहे. क्रम सुलटा करा. सकाळी आधी पश्चिमेला, तटाबाहेर, इब्राहिम रोजात जा. एका चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे हौद. काम पाहणारा मलिक संदल. राणी ताज सुलताना हिच्यासाठी ही वास्तू घडत होती, पण इब्राहिमच आधी गेला आणि तिथे ठेवला गेला. इथे दोनच गोष्टींवर वेळ घालवा. एक, कबरीच्या खोलीच्या खिडक्या. त्यांच्या जाळ्या वेलबुट्टीच्या नाहीत, अरबी अक्षरांच्या आहेत. अख्ख्या ओळी दगडात कोरून आरपार काढल्या आहेत आणि आतला उजेड येतो तो त्या अक्षरांच्या फटींतून. बाहेरून वाचा, आत येऊन पाठीमागून बघा. दगड किती पातळ ठेवला आहे ते कडेला बोट लावल्याशिवाय खरं वाटत नाही. (बोट लावू नका, रखवालदार ओरडतो आणि त्याचं बरोबर आहे.) दोन, खोलीचं छत. जवळजवळ बारा मीटरचा चौरस, आणि मधला मोठा भाग सपाट. खाली खांब नाही, तुळई नाही. दगडाच्या फरशा शेजारी शेजारी, चुन्याच्या जोरावर लटकल्यासारख्या. हे करून दाखवायला गवंड्याला छाती लागते आणि ते करू देणाऱ्या धन्याला त्याहून मोठी. खर्च दीड लाख होनांच्या घरात गेला असं तिथेच कोरून ठेवलं आहे.

हे डोळ्यांत असताना शहर ओलांडून पूर्वेला गोलघुमटाकडे जा. रिक्षावाला कुरकुर करेल, कारण वाटेवरची तोफ आणि बुरूज सोडून तुम्ही लांबचं आधी मागताय. करू द्या. आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती उघडेपणाची. भिंती साध्या, नक्षी जवळजवळ नाही. सुमारे सतराशे चौरस मीटरची जागा आणि तिच्यावर ३८ मीटर व्यासाचा एकच घुमट, मधे एक खांब नाही. मुहम्मदच्या कारागिरांनी इब्राहिमच्या नजाकतीशी स्पर्धाच केली नाही, मैदान बदललं. नाजूकपणात बापाच्या पुढे जायला जागा उरलेली नव्हती, म्हणून मुलगा आकाराकडे वळला, अशी एक समजूत आहे. मला ती पटते, पण आकार म्हणजे नुसता दांडगेपणा अशी तिची सहसा होते ती मांडणी पटत नाही. जमिनीवर मधोमध उभं राहून वर पाहा. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं, हा जुना पेच आहे. इथे आठ कमानी अशा फिरवून एकमेकींतून काढल्या आहेत की त्यांच्या छेदांतून आठ टोकांची चांदणी होते आणि चौकोन हळूहळू वर्तुळ होत जातो. त्या कमानी आत झुकतात, त्यांच्या माथ्यावर सज्जा पुढे येतो, आणि त्या आत झुकलेल्या वजनाने घुमटाच्या बाहेर रेटणाऱ्या ओझ्याला उतारा मिळतो. लोक ज्या सज्जात जाऊन शिट्या मारतात, तो असा घुमटाला धरून ठेवणाऱ्या रचनेचा भाग आहे.

म्हणून माझा आग्रह असा की वर चढू नका. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वर जायचं, शाळेच्या सहली ओरडत असताना कुजबुजीचा प्रयोग करायचा आणि धापा टाकत उतरायचं, यात सहज तास जातो आणि प्रश्नाचं उत्तर तसूभर पुढे सरकत नाही. प्रतिध्वनी मुलांना लखलाभ होवो. तो ऐकायचाच असेल तर दार उघडताच पहिल्या झटक्यात जावं लागतं, आणि मग आपला क्रम मोडतो.

हा पैसा आला कुठून, हेही इथेच विचारायचं. १६३६ मध्ये शाहजहानशी तह झाला, निजामशाही वाटून घेतली गेली आणि उत्तरेची धास्ती काही काळ मिटली. आदिलशाही फौजा दक्षिणेला, कर्नाटकात शिरल्या. त्या मोहिमांत रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे होते. बंगळूर त्यांच्याकडे आलं ते त्यातूनच. मुहम्मदच्या काळात राज्य सर्वांत मोठं झालं आणि त्याची कबरही.

तिसरी जागा बारा कमान. चौथरा प्रचंड, त्यावर काळ्या दगडाच्या उघड्या कमानी, आणि वर काही नाही. गाइड सांगतात, ही पुरी झाली असती तर तिची सावली गोलघुमटावर पडली असती, म्हणून काम थांबवलं. कोणी तर बापानेच मुलाला मारवलं इथपर्यंत जातात. क्रमाने आलेल्याला हे तिथल्या तिथे खोडता येतं. बाप १६५६ मध्येच गेला, तेव्हा मुलाची कबर अडवायला तो नव्हता. आणि दोन्ही वास्तूंच्या मधे शहराचा मोठा भाग आहे, सावलीला बरंच चालावं लागलं असतं. खरी कारणं तारखांत आहेत. १६५६ मध्ये जावळी गेली. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर आणि कल्याणी घेतली. १६५९ मध्ये अफजलखान प्रतापगडाखाली पडला. १६६५ च्या अखेरीस मोगलांचा सेनापती जयसिंग विजापूरवर चालून आला. अली गेला १६७२ मध्ये. चौदा वर्षांनी राज्यच बुडालं. अर्धवट कमानींना एवढं स्पष्टीकरण पुरेसं आहे, आणि ते तीन वास्तू ओळीने पाहिल्याशिवाय डोळ्यांना पटत नाही.

तीन जागा, मधे जेवण, दिवस संपला. हा प्रश्न अरुंद होता, शहराला ‘नाही’ म्हणायची मुभा होती (गोलघुमट दांडगाईचा निघाला असता तर माझी मांडणी तिथेच कोसळली असती), आणि एका दंतकथेचा निकालही लागला.

५. दुसरा प्रश्न: पाणी

ज्यांना कबरींचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी दुसरा. विजापूर नदीकाठी नाही. भीमा उत्तरेला, कृष्णा दक्षिणेला, दोन्ही लांब. पाऊस बेताचा, खाली कातळ. अशा जागी दहा किलोमीटर तटाची राजधानी दोनशे वर्षं जगली कशी?

याची उत्तरं यादीत सहसा खालच्या ओळीत असतात. शहापूर दरवाजाकडची चांदबावडी, पहिल्या अलीने १५७९ मध्ये बांधलेली. मक्का दरवाजाजवळची ताजबावडी: दोन मनोऱ्यांच्या मधली उंच कमान, तिच्यातून उतरलं की सुमारे सत्तर मीटर लांबी-रुंदीचा हौद, आणि कडेला वाटसरूंच्या मुक्कामाच्या ओवऱ्या. तोरवीकडून शहरात पाणी आणणारा जमिनीखालचा बोगदा. दक्षिणेचा बेगम तलाव, १६५१ चा. आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे पाण्याचे मनोरे, ज्यांना तिथे गंज म्हणतात. रस्त्याकडेला उभे असलेले हे चौकोनी दगडी मनोरे कुणी थांबून पाहत नाही. तलावातून मातीच्या नळांनी पाणी आणायचं तर उताराने दाब वाढतो आणि नळ फुटतात. म्हणून ठराविक अंतरावर पाणी मनोऱ्यात चढवायचं, तिथे त्याचा जोर मोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग पुढच्या नळात सोडायचं. गोलघुमटाच्या कमानींइतकीच ही बुद्धी आहे. फक्त ती रोजच्या घागरीसाठी खर्च झाली.

या प्रश्नाचा कस पुढे लागतो. जयसिंगाची फौज १६६५-६६ च्या हिवाळ्यात विजापूरच्या तोंडाशी आली, तेव्हा आदिलशाही सरदारांनी शहराभोवतालच्या विहिरी मातीने बुजवल्या, तलाव फोडून रिकामे केले, झाडं तोडली. मोगलांना माघार घ्यावी लागली ती तोफांपेक्षा तहानेमुळे. पुरंदरच्या तहानंतर शिवाजीमहाराज त्या मोहिमेत मोगलांच्या बाजूला होते, ही गोष्ट आपल्याकडे घाईघाईने उरकली जाते. पुढे १६८५-८६ मध्ये औरंगजेबाने वर्षाहून जास्त काळ वेढा धरून ठेवला आणि उपासमारीने तट आतूनच पोकळ झाला. मुलुखमैदान तोफेवर त्याने आपल्या विजयाचा लेखही कोरवला. पाण्याच्या प्रश्नाने निघालेल्या माणसाला ती तोफ अशी शेवटी भेटते. हत्तीला गिळणाऱ्या सिंहाच्या जबड्याचा फोटो काढण्यापेक्षा त्या लेखाशी थांबायला मग त्याच्याकडे कारण असतं.

६. आपला आयता प्रश्न

मराठी माणूस विजापूरला रिकाम्या मनाने जात नाही. चौथीच्या पुस्तकापासून विजापूर म्हणजे विडा उचलला गेला तो दरबार. म्हणून गाइड मराठी पाटी पाहताच साठ कबरींची गोष्ट काढतो: अफजलखानाने निघण्याआधी आपल्या बायका मारल्या, ही दंतकथा. आपण ऐकतो, शहारतो आणि समाधानाने परततो.

हा प्रश्न टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. प्रतापगडाचा धागा विजापूरशिवाय अर्धाच आहे. पण तो तिसऱ्या अटीत नापास होतो, कारण उत्तर आपण घरून आणलेलं असतं. तोच प्रश्न थोडा वळवला तर कामाचा होतो: शिवकाळाच्या आधीची तीन पिढ्यांची मराठी माणसं या शहरात काय करत होती? महसुलाचे हिशेब फार्सीऐवजी इथल्या भाषेत ठेवण्याची रीत पहिल्या इब्राहिमने पाडली आणि तिच्यामागून आपले कारकून दफ्तरात शिरले. भोसले, घोरपडे, मोरे ही घराणी याच दरबारची मनसबदार. आर्किल्ल्यात नरसोबाचं देऊळ आजही पूजेत आहे आणि दुसऱ्या इब्राहिमचं नाव तिथल्या आख्यायिकेत आदराने येतं. या प्रश्नाने आर्किल्ला फिरायला दुपार पुरते, आणि त्यात पाठ्यपुस्तकाला न पेलणारी माहिती मिळते. शत्रूची राजधानी पाहायला गेलेल्याला आपल्याच लोकांचं जुनं कामाचं ठिकाण दिसतं. हे सगळ्यांना आवडेलच असं नाही.

७. आक्षेप

‘पुन्हा येणं होईल का कोण जाणे, मुख्य ते राहिलं तर हळहळ लागेल.’ हा सर्वांत जोरदार आक्षेप आहे आणि मी त्याची थट्टा करणार नाही. पण हळहळ नक्की कशाची, हे प्रामाणिकपणे पाहावं. बहुतेकदा ती परतल्यावर शेजाऱ्याने ‘काय, गोलघुमट पाहिला नाहीत?’ असं विचारण्याची असते. त्या प्रश्नाचं ओझं एका दिवसाच्या वेळापत्रकाने का वाहावं? शिवाय वर दाखवल्याप्रमाणे चांगला प्रश्न नावाजलेल्या वास्तूला वगळतोच असं नाही. कबरींच्या प्रश्नात गोलघुमट आहेच, फक्त त्याची पाळी दुसरी येते.

‘हे अभ्यासकांचं झालं, आमच्याबरोबर आई-वडील आणि पोरं आहेत.’ उलट आहे. सहा पॉइंटांची धावपळ गुडघे दुखणाऱ्या माणसाला परवडत नाही, तीन जागा परवडतात. आणि मुलांना घराणं, सनावळी, स्थापत्यशैली यांत रस नसतो, ‘नळ का फुटायचे?’ यात असतो. गाइड लावला तर सुरुवातीलाच त्याला प्रश्न सांगून टाकावा. चांगला असेल तर खुलतो. नसेल तर पाच मिनिटांत कळतं आणि तिथेच नमस्कार करता येतो.

‘प्रश्न घेऊन गेलं की माणूस झापडं लावून फिरतो.’ खरं आहे, लागतात. पण यादीलाही झापडं असतात. ती दुसऱ्याने लावलेली असल्यामुळे जाणवत नाहीत एवढंच. आपण लावलेलं झापड आपल्याला काढता येतं.

‘एवढी तयारी कुणी करायची?’ राजांची नावं, त्यांची सालं आणि शहराचा एक नकाशा, इतकंच लागतं. दोन संध्याकाळींचं काम. त्याहून जास्त वेळ आपण हॉटेलचे अभिप्राय वाचण्यात घालवतो.

विजापूर हे सोयीचं उदाहरण घेतलं, असंही कोणी म्हणेल. तर औरंगाबाद घ्या. बीबी का मकबरा पाहून ‘ताजमहालाची नक्कल’ म्हणत परतणाऱ्यांना मलिक अंबरच्या नहरींचा आणि पाणचक्कीचा प्रश्न देऊन पाहा. १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच औरंगाबाद, वसवणारा आणि १६२४ मध्ये नौरसपूर जाळणारा माणूस एकच होता, हे कळल्यावर ती दोन शहरं एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात.

८. सोडण्याची किंमत

शेवटी, या पद्धतीत जे हातचं जातं त्याबद्दल. कबरींच्या दिवसात जुम्मा मशीद बसत नाही. बसवायची म्हटली तर बसेल, जेवणाच्या वेळेत कापून, पण मग तिचाही पॉइंट होईल. पहिल्या अलीने १५७६ च्या सुमारास सुरू केलेली आणि कधीच पुरी न झालेली ही मशीद. अनेक जाणकार तिचा घुमट गोलघुमटाहून सरस मानतात, आणि मला तर प्रमाणबद्धतेत अख्ख्या विजापुरात तिच्या तोडीचं काही दिसत नाही. तिच्या फरशीवर नमाजासाठी आखलेले २,२५० चौकोन औरंगजेबाच्या आज्ञेने झाले, म्हणजे जिंकणाऱ्याने इथे पाडलं नाही, भर घातली. हा एक वेगळाच प्रश्न आहे आणि त्याला वेगळा दिवस लागतो. तो दिवस नसेल तर जुम्मा मशीद सोडावी लागेल. हे नुकसान खरं आहे, लहान नाही, आणि माझ्या मांडणीत त्याची भरपाई कुठेही नाही. तरीही मी ती सोडेन.